मुक्काम संपल्यावर

सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाला ‘मुक्काम’ या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको. बदलीचा हुकूम येतो, ठरल्या दिवशी जुन्या जागेचा कार्यभार दुसऱ्याच्या हाती जातो आणि नव्या गावी हजेरी लागते. मधल्या काळात बिऱ्हाड कोठे होते, मुलांच्या शाळेचे काय झाले, घरच्या वृद्धांना नवी हवा मानवली की नाही, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नसते. तरीही आपल्यापाशी एक मोठे साधन असते. आपल्याला बोलता येते. आपण अर्ज करतो, मुदत वाढवून मागतो, वरिष्ठांपुढे उभे राहून अडचण सांगतो. आणि काहीच झाले नाही तर निदान चार स्नेह्यांपाशी गाऱ्हाणे मांडून मन हलके करतो. ज्याला हे साधन नाही, किंवा ज्याच्यापाशी असलेले साधन ओळखण्याची दृष्टी इतरांपाशी नाही, अशा माणसाचा मुक्काम दुसऱ्यांनी ठरविला आणि दुसऱ्यांनीच संपविला तर त्याच्या वाट्याला काय येते? बधिर आणि स्वमग्न माणसांच्या बाबतीत हा प्रश्न गेली सव्वादोनशे वर्षे पुनःपुन्हा उभा राहिलेला आहे. त्याच्या इतिहासातील तीन प्रकरणे येथे सांगावयाची आहेत. त्यांतील पहिले पॅरिस येथील असून ते सर्वांत जुने आणि सर्वांत बोधप्रद असल्यामुळे त्याला जागाही अधिक दिली आहे.

इ. स. १८०० च्या जानेवारीत, ऐन थंडीत, दक्षिण फ्रान्सच्या आवेरों प्रांतातील सँ-सेर्नँ या गावी एका रंगाऱ्याच्या आवारात बारा-एक वर्षांचा मुलगा शिरला. अंगावर सदऱ्याच्या चिंध्या, कातडीवर जागोजाग व्रण, गळ्यावर एक मोठा वण. बोलणे नाही, हाकेला ओ नाही. लाकोनच्या आसपासच्या रानात तो दोनतीन वर्षे लोकांच्या दृष्टीस पडत होता. दोनदा सापडून निसटलाही होता. गावच्या सरकारी अधिकाऱ्याने त्याच्यापुढे नाना पदार्थ ठेवून पाहिले. त्याने बटाटे उचलले, ते सरळ विस्तवात टाकले आणि तसेच गरमगरम खाल्ले. त्याला प्रथम जवळच्या अनाथालयात आणि मग रोदेझ येथे बोनातेर नावाच्या निसर्गशास्त्राच्या अध्यापकाकडे ठेवण्यात आले. तोवर बातमी राजधानीत पोहोचली होती. नेपोलियनचा भाऊ ल्युसियाँ बोनापार्त त्या वेळी गृहमंत्री होता. त्याने मुलास पॅरिसला पाठविण्याविषयी लिहिले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हा रानमुलगा राजधानीत दाखल झाला.

त्याला ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न कचेरीच्या रीतीने सुटला. मुलगा बोलत नाही. ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी राजधानीत सरकारी संस्था आहे. सबब त्याची रवानगी मूकबधिरांच्या राष्ट्रीय संस्थेत झाली. ही संस्था साधी नव्हती. आबे द लेपे या धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बधिर मुलांना त्यांच्याच हाताच्या खुणांच्या आधारे शिकविण्यास आरंभ केला होता. १७८९ मध्ये तो वारल्यावर सिकार हा दुसरा धर्मगुरू त्याच्या जागी आला आणि १७९१ मध्ये क्रांतीच्या सरकारने ही शाळा राष्ट्राची म्हणून आपल्याकडे घेतली. झाँ मासिय हा सिकारचा बधिर विद्यार्थी पुढे येथे शिक्षक झाला. १७९२ च्या धामधुमीत सिकारला कैद झाली तेव्हा याच मासियने विद्यार्थ्यांच्या वतीने राष्ट्रसभेपुढे लेखी अर्ज केला होता. सारांश, बधिर माणसाला भाषा असते, विचार असतो, आणि सरकारदरबारी अर्ज करण्याइतकी समजही असते, हे ज्या घरात रोज सिद्ध होत होते त्या घरात हा मुलगा येऊन पडला.

पण मुलगा बधिर नव्हता. त्याच्या पाठीशी पिस्तूल झाडले तरी तो वळत नसे. मात्र त्याच्या आवडीचे अक्रोड मागे कोणी हळूच फोडले तर तत्काळ मान फिरवी. त्याला ऐकू येत होते. फक्त लोक ज्याला ऐकण्याजोगे समजत ते त्याला तसे वाटत नव्हते. संस्थेच्या शिक्षणपद्धतीत तो बसेना. सिकारने त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. कित्येक महिने तो ओसरीत आणि बागेत एकटाच हिंडत असे आणि शहरातील हौशी मंडळी त्याला पाहण्यास गर्दी करीत. पुढे विद्वानांची एक समिती नेमण्यात आली. तीत पिनेल हा त्या काळचा प्रख्यात वैद्य होता. वेड्यांच्या साखळ्या सोडविणारा म्हणून त्याची ख्याती. तेव्हा त्याच्या ठायी दया नव्हती असे कोणीच म्हणणार नाही. परंतु त्याने वर्षअखेरीस अहवाल दिला तो असा, की बिसेत्रच्या वेड्यांच्या इस्पितळात जी जन्मजात जडबुद्धीची मुले आहेत त्यांच्यात आणि याच्यात भेद नाही. सुधारणेची आशा बाळगण्याचे कारण नाही. हा शेरा मान्य झाला असता तर मुलाचा पुढचा मुक्काम कोणता, हे उघड होते.

तो मुक्काम टळला याचे श्रेय झाँ इतार या सव्वीस वर्षांच्या तरुण डॉक्टरला दिले जाते. त्याच दिवसांत संस्थेचा वैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली होती. मुलगा मुळात मंद नसून माणसांच्या सहवासावाचून तसा झाला आहे आणि तो शिकू शकेल, असे त्याचे मत होते. त्याने मुलाला व्हिक्टर हे नाव दिले, कारण ‘ओ’ हा स्वर ऐकला की तो वळतो असे ध्यानात आले होते आणि फ्रेंच उच्चारात त्या नावाच्या शेवटी तो स्वर येतो. पुढील पाच वर्षे इतारने त्याला उष्णशीताची, स्पर्शाची, अक्षरांची आणि शब्दांची जी शिकवण दिली तिचे वर्णन त्याच्या १८०१ आणि १८०६ च्या दोन अहवालांत आहे. शिक्षणशास्त्राच्या इतिहासात ते अहवाल अभिजात मानले जातात, आणि ते योग्यच आहे.

परंतु ज्या व्यक्तीमुळे हे सारे शक्य झाले तिच्या नावाचा उल्लेख त्यांत ओझरताच येतो. मादाम गेरँ ही मुलाच्या देखभालीस नेमलेली बाई. सरकारकडून तिला वर्षाला १५० फ्रँक मिळत. त्याला न्हाऊ घालणे, जेवू घालणे, फिरावयास नेणे, आजारात उशाशी बसणे ही सगळी तिची कामे. अहवालांतील जे प्रसंग वाचकाच्या मनातून जात नाहीत ते बहुतेक तिच्याच घरातले आहेत. एकदा व्हिक्टर पळून गेला. सेनलिस येथे शिपायांनी त्याला पकडले, आणि पॅरिसला आणून तांपल येथील कैदखान्यात ठेवले. काही दिवसांनी मादाम गेरँ त्याला ओळखण्यासाठी आली. तिला पाहताच त्याचा चेहरा पांढरा पडला आणि क्षणभर त्याची शुद्ध हरपली. तिने जवळ घेतल्यावर मात्र तो आनंदाने चीत्कार करू लागला. दुसऱ्या सकाळी इतार त्याच्या अंथरुणाशी गेला तेव्हा मुलाने उठून हात पुढे केले. पण शिस्त म्हणून इतार कठोर मुद्रेने उभा राहिला. तेव्हा मुलाने पांघरुणात तोंड लपविले आणि तो रडू लागला. हे इतारनेच लिहून ठेवले आहे, हा त्याचा प्रामाणिकपणा.

दुसरा प्रसंग याहून साधा आहे. जेवणाचे टेबल मांडणे हे व्हिक्टरचे रोजचे काम. मादाम गेरँचा नवरा आजारी पडला आणि वारला. त्या दिवशीही व्हिक्टरने नेहमीप्रमाणे त्याचे ताट मांडले. ते पाहून त्या बाईला शोक आवरेना. व्हिक्टरने तिच्याकडे पाहिले, मांडलेले ताट उचलले, कपाटात परत ठेवले आणि पुन्हा कधीही मांडले नाही. ज्याला सुखदुःखाची जाणीव नाही असा शेरा विद्वानांनी दिला होता त्याचे हे वर्तन आहे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. व्हिक्टरला बोलता यावे म्हणून इतारने जिवापाड कष्ट घेतले. ‘दूध’ या अर्थाचा फ्रेंच शब्द आणि एकदोन उद्गार यांपलीकडे त्याची वाणी गेली नाही. परंतु त्याच घरात, त्याच ओसरीवर, कित्येक मुले दिवसभर हातांनी बोलत होती. लोराँ क्लेर हा पुढे प्रसिद्धीस आलेला बधिर विद्यार्थी व्हिक्टरपेक्षा दोनतीन वर्षांनीच मोठा होता आणि तेथेच राहत होता. व्हिक्टर हाताने आपल्या गरजा उत्तम रीतीने सांगत असे. हवे ते भांडे पुढे करी, नको असलेल्या पाहुण्याला त्याची काठी आणि हातमोजे आणून देई. तरीही खुणांची भाषा त्याला शिकविण्याचा प्रयत्न झाला नाही. इतारच्या दृष्टीने भाषा म्हणजे जिभेची भाषा. विसाव्या शतकात या प्रकरणाचा साक्षेपाने अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हार्लन लेन यांनी या उणिवेवर नेमके बोट ठेवले आहे. विहिरीच्या काठावर राहून माणूस तहानलेला राहावा, तशातलाच हा प्रकार.

१८०६ चा अहवाल हा एका अर्थाने समाप्तीचा अहवाल होता. मुलगा आता तरुण झाला होता. त्याच्या अस्वस्थपणाला आवर घालणे इतारला जमेना. वाचा येण्याची आशा संपली होती. सरकारने अहवालाची प्रशंसा केली आणि तो सरकारी खर्चाने छापला. प्रयोग संपला. त्यानंतर १८१० च्या सुमारास व्हिक्टरचा संस्थेतील मुक्कामही संपविण्यात आला. तो संस्थेत आला होता तो बधिर समजून, आणि राहिला होता तो शिकेल या आशेवर. दोन्ही कारणे उरली नाहीत. तेव्हा त्याला बिसेत्रला धाडणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. तो का पत्करला गेला नाही? कारण एकच. मादाम गेरँ त्याला आपल्याकडे ठेवून घेण्यास तयार होती. सरकारने त्याच्या निर्वाहाचा खर्च देण्याचे चालू ठेवले आणि संस्थेजवळच्याच फ्यॉयांतीन नावाच्या बोळात ती त्याला घेऊन राहिली.

त्या बोळात तो आणखी सतराअठरा वर्षे जगला. १८२८ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या आसपास होते. पहिल्या सहा वर्षांविषयी दोन अहवाल, समितीची टिपणे, वर्तमानपत्रांतील मजकूर, नाटके. आणि पुढच्या दीर्घ काळाविषयी जवळजवळ काही नाही. त्याच बोळात त्याच सुमारास व्हिक्टर ह्यूगोचे बालपण गेले. एका व्हिक्टरच्या त्या बागेतील आठवणी साऱ्या जगाने वाचल्या. दुसऱ्या व्हिक्टरचे दिवस कसे गेले हे कोणी विचारले नाही. परंतु या रिकाम्या पानांवरूनच एक अनुमान निघते. तो पुन्हा कैदखान्यात गेला नाही, वेड्यांच्या इस्पितळात गेला नाही, आणि त्याला माणसे पाहण्यासाठी जमली नाहीत. ज्या बाईला त्याच्या हातवाऱ्यांचा अर्थ कळत होता तिच्या घरी तो शेवटपर्यंत राहिला. विज्ञानाच्या दृष्टीने येथे निष्फळता असेल. माणसाच्या दृष्टीने हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी मुक्काम होता, असे म्हणावयास हरकत नाही.

इतारची पद्धती मात्र दूरवर गेली. त्याचा शिष्य सेगँ याने ती मंदबुद्धी मुलांसाठी वाढविली; सेगँ आणि इतार यांचे ग्रंथ डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी स्वतःच्या हाताने उतरून काढून अभ्यासले; आणि माँटेसरींच्या विचाराने प्रभावित झालेल्या ताराबाई मोडकांनी तो ओघ बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत आणला. मराठी घरातील लहान मूल जेव्हा लाकडी ठोकळे हाताळून आकार शिकते तेव्हा त्या शिक्षणाच्या मुळाशी आवेरोंच्या त्या मुक्या मुलाचे हात आहेत, याची जाणीव आपल्याला सहसा नसते.

व्हिक्टरला न शिकविलेली भाषाही प्रवासास निघाली. १८१६ मध्ये लोराँ क्लेर हा गॅलॉडेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाबरोबर अटलांटिक ओलांडून गेला आणि १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे बधिर मुलांची शाळा निघाली. पॅरिसच्या खुणा आणि तेथील स्थानिक खुणा यांच्या मिश्रणातून अमेरिकेची खुणांची भाषा घडली. पण त्या देशात एक भिंत होती. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवलेल्या होत्या. म्हणून त्यांच्या खुणाही वेगळ्या वळणाने वाढल्या. आपले दुसरे प्रकरण याच भिंतीच्या आडचे आहे.

ज्यूनिअस विल्सन हा १९०८ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्यात जन्मलेला काळा, बधिर मुलगा. राली येथील काळ्या बधिर आणि अंध मुलांच्या शाळेत तो काही वर्षे होता. तेथल्या खुणा हीच त्याची भाषा. शाळेतून काढून टाकल्यावर तो घरी आला, आणि १९२५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोप येऊन पकडला गेला. त्याच्या खुणा कोणाला कळेनात. आरोपाची सुनावणी झालीच नाही. त्याऐवजी वेडा ठरवून त्याला गोल्ड्सबरो येथील काळ्या लोकांच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात धाडण्यात आले. तेथे १९३२ मध्ये त्याचे पौरुष शस्त्रक्रियेने नष्ट करण्यात आले. पुढे तो इस्पितळाच्या शेतावर राबत राहिला. १९७० मध्ये त्याच्यावरील आरोप रद्द झाले.

वाचकांना वाटेल, येथे प्रकरण संपले. कागदोपत्री ते संपलेच होते. पण आरोप रद्द झाल्यावरही तो तेथेच राहिला, कारण त्याला कोठे पाठवावे याचा विचार कोणी केला नव्हता, आणि तो काय म्हणतो हे विचारणारा कोणी नव्हता. आणखी वीसेक वर्षांनी एका समाजसेवकाच्या हाती त्याचे कागद आले आणि न्यायालयीन लढा सुरू झाला. आता दुभाषी बोलाविण्यात आले; परंतु राली शाळेच्या त्या जुन्या खुणा जाणणारे फारसे कोणी उरले नव्हते. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या बोलीत बोलणाऱ्या शेवटच्या माणसासारखी त्याची अवस्था होती. त्याला बाहेर नेऊन ठेवावे तर कोठे? सत्तर वर्षांच्या सवयीचे जग म्हणजे इस्पितळाचे ते आवार. शेवटी १९९४ मध्ये त्याच आवारातील एका लहान घरात त्याला स्वतंत्रपणे राहण्यास दिले, आणि २००१ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. सूझन बर्च आणि हॅना जॉयनर या दोन इतिहासकारांनी २००७ मध्ये त्याचे चरित्र लिहिले; ते वाचताना ध्यानात येते की या माणसावर केलेल्या अन्यायांपैकी कोणताही एक अन्याय एका दुभाष्याने टळला असता. मुक्काम वेळेवर संपविला नाही तर पुढे तो संपविण्यासारखाच राहत नाही, हे या प्रकरणाचे कठोर तात्पर्य आहे.

तिसरे प्रकरण स्वमग्नतेचे. ही अवस्था अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून मांडली. त्यानंतर मागे वळून पाहताना अनेकांना आवेरोंचा मुलगा आठवला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ युटा फ्रिथ यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात तो बहुधा स्वमग्न असावा असे प्रतिपादन केले. हार्लन लेन यांना हे मान्य नव्हते. वाद निकालात निघण्यासारखा नाही. पण अक्रोडाच्या आवाजाला वळणारा आणि पिस्तुलाच्या आवाजाला न वळणारा मुलगा आजच्या कित्येक आईबापांना ओळखीचा वाटेल, एवढे निश्चित.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात बोर्नवुड नावाचे इस्पितळ होते. न्यायालयीन कागदांत ‘एच. एल.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा, १९४९ मध्ये जन्मलेला एक स्वमग्न पुरुष तेथे बत्तीस वर्षे राहिला. त्याला बोलता येत नसे. १९९४ मध्ये इस्पितळाने त्याला वेतन घेऊन सांभाळ करणाऱ्या एका जोडप्याच्या घरी राहावयास पाठविले. तेथे तो रमला. तथापि त्याचे नाव इस्पितळाच्या दप्तरातून पूर्णपणे कमी करण्यात आले नव्हते. व्यवस्था अजमावून पाहण्यापुरती होती. जुलै १९९७ मध्ये एके दिवशी, दिवसाच्या केंद्रात असताना, तो अतिशय अस्वस्थ झाला आणि डोके आपटू लागला. त्या जोडप्याशी संपर्क झाला नाही. डॉक्टरांनी गुंगीचे औषध दिले आणि तो पुन्हा बोर्नवुडमध्ये दाखल झाला. त्याला कायद्याने अटकाव केलेला नव्हता. तो विरोध करीत नाही म्हणून त्याची आवश्यकता नाही, असे सांगण्यात आले. मात्र तो त्यांच्याबरोबर जाऊ पाहील या भीतीने त्या जोडप्याला आरंभी भेटीची परवानगी नाकारण्यात आली.

त्या दोघांनी न्यायालयाची पायरी चढली. अपील न्यायालयाने त्याला बेकायदा अडकवून ठेवल्याचे सांगितले आणि डिसेंबर १९९७ मध्ये तो घरी आला. १९९८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल फिरविला. तथापि तो बाहेर जाण्यास मोकळा होता हे म्हणणे म्हणजे निव्वळ परीकथा आहे, अशा आशयाचे मत लॉर्ड स्टाइन यांनी त्याच निकालपत्रात नोंदविले. अखेर ५ ऑक्टोबर २००४ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने, त्याचे स्वातंत्र्य हिरावून घेतले गेले आणि त्यासाठी आवश्यक ती कायदेशीर कार्यपद्धती नव्हती, असा निर्णय दिला. त्या निकालामुळे इंग्लंडमध्ये नवे संरक्षक नियम तयार झाले आणि एप्रिल २००९ पासून अमलात आले. जो माणूस एक वाक्य बोलू शकत नव्हता त्याच्या नावावर एका देशाचा कायदा बदलला. पण तो बदलला कसा? त्याच्या वतीने दोन माणसे सात वर्षे भांडली म्हणून.

या तीन प्रकरणांकडे मी एक सामान्य कारकून म्हणून पाहतो तेव्हा मला तीन फायली दिसतात. व्हिक्टरची फाईल बंद झाली, पण घर उघडे राहिले. विल्सनची फाईल इतका काळ उघडी राहिली, की ती बंद झाली तेव्हा जावयास घरच उरले नव्हते. एच. एल.ला घर मिळाले होते, पण फाईल अर्धवट उघडी राहिली आणि तिने त्याला परत ओढून नेले. तिन्हीत हुकूम काढणारे लोक दुष्ट नव्हते; पिनेल तर दयाळूच होता. आपल्या रोजच्या कामातही दुष्टपणा क्वचितच आढळतो. आढळते ती ही समजूत, की हुकूम निघाला म्हणजे काम झाले. वस्तुतः एखाद्या माणसाला संस्थेतून बाहेर काढणे हे अर्धे कामही नाही. तो कोठे जाणार, कोणाबरोबर राहणार, त्याचे मनोगत जाणणारे माणूस तेथे आहे की नाही, आणि त्या माणसाचा खर्च कोण सोसणार, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कागदावर नाहीत तो कागद कितीही नियमशुद्ध असला तरी अपुरा आहे.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर कायद्याची भाषा आता बरीच पुढे आली आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्न व्यक्तींच्या पालकत्वाचा विचार केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आणि कोणालाही विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करावा असे म्हटले. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाच्या एकोणिसाव्या कलमाने तर स्पष्ट सांगितले, की केवळ घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा बाहेर सोय नाही म्हणून कोणालाही मानसिक आरोग्याच्या संस्थेत ठेवून घेता येणार नाही. ही कलमे वाचताना समाधान वाटते. पण ‘बाहेर सोय नाही’ हे शब्द वाचताना मन तेथेच अडखळते. कायदा संस्थेचे दार उघडू शकतो. फ्यॉयांतीनच्या बोळातले दार उघडण्यास मादाम गेरँ लागते. आणि ती केवळ दयेवर जगत नव्हती, तिला सरकारचे पैसे मिळत होते, हे विसरता कामा नये. घर आणि तनखा, माया आणि मंजुरी, दोन्ही एकत्र आली म्हणून व्हिक्टर बिसेत्रला गेला नाही.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांच्या हातून कधी ना कधी अशा एखाद्या संस्थेचे कागद जातात. अनुदानाचे प्रकरण असते, तपासणीचा अहवाल असतो, ‘सदर इसमास कार्यमुक्त करण्यात यावे’ असे एखादे टिपण असते. त्या टिपणाखाली सही करण्यापूर्वी एक प्रश्न समासात लिहावयास दोन ओळींपेक्षा अधिक जागा लागत नाही: हा माणूस उद्या संध्याकाळी कोणाच्या घरी जेवणार आहे, आणि तो हाताने काय सांगतो हे त्या घरात कोणाला कळते? व्हिक्टरच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर होते. विल्सनच्या बाबतीत तो कोणी विचारलाच नाही.